महाराष्ट्राच्या खासदारांना खुले पत्र : जनुकीय अहवालाच्या वापरावर कायद्याचं बंधन हवं

प्रति,
महाराष्ट्रातून लोकसभेत आणि राज्यसभेत गेलेले सर्व सन्माननीय सदस्य

सस्नेह नमस्कार.

मी नागपुरात जनुकीय समुपदेशक म्हणून काम करते. तपासणीसाठी रक्त किंवा लाळ देण्याआधी माणसाशी नीट बोलायचं आणि अहवाल आला की तो त्याला व त्याच्या घरच्यांना समजावून सांगायचा, हे माझं काम. पूर्वी समोर बसणारी बहुतेक कुटुंबं सिकलसेल नाहीतर थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारांसाठी यायची. आता संपूर्ण जीनोम, म्हणजे शरीरातली सगळी जनुकीय माहिती, वाचून घेतलेले लोकही येतात. मोबाइलमध्ये भलामोठा अहवाल असतो, पण पहिला प्रश्न आजाराबद्दल नसतो. ‘ताई, हे विमा कंपनीला सांगावं लागेल का?’ ‘ऑफिसला कळलं तर?’ ‘मुलीच्या लग्नात आडवं येईल का?’

या प्रश्नांना आपल्या कायद्यात सरळ उत्तर नाही. ते उत्तर लिहिण्याचा अधिकार तुमच्याकडे आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला.

मानवी जीनोम पहिल्यांदा वाचण्याचा प्रकल्प १९९० ते २००३ असा तेरा वर्षं चालला आणि त्यासाठी जवळपास तीन अब्ज डॉलर धरले गेले होते. २०१४ मध्ये जीनोम वाचणारी यंत्रं बनवणाऱ्या इल्युमिना या कंपनीने एका जीनोमचा खर्च हजार डॉलरवर आणल्याचं जाहीर केलं आणि २०२२ मध्ये तो दोनशे डॉलरवर नेणारं यंत्र आणलं. आपल्याकडेही ही तपासणी मध्यमवर्गाच्या आवाक्यात येऊन ठेपली आहे. निवडक जनुकांची तपासणी तर लाळेची नळी कुरिअरने पाठवून घरबसल्या होते. विज्ञानात आपण मागे नाही. जीनोमइंडिया प्रकल्पात देशातल्या अनेक संस्थांनी मिळून दहा हजार भारतीयांचे जीनोम वाचले आणि ९ जानेवारी २०२५ रोजी ती माहिती संशोधकांसाठी खुली झाली. मला त्याचा अभिमान आहे. मात्र मूळ मानवी जीनोम प्रकल्पात अमेरिकेने खर्चातला तीन ते पाच टक्के वाटा पहिल्यापासून नैतिक, कायदेशीर आणि सामाजिक परिणामांच्या अभ्यासासाठी बाजूला काढून ठेवला होता. आपल्याकडे तपासणी घरोघरी पोचली आणि तिच्या परिणामांचा विचार अजून सरकारी टेबलांवरही नीट आलेला नाही.

हे सगळं शहरातल्या पैसेवाल्यांचं दुखणं आहे, असं तुमच्यापैकी काहींना वाटत असेल. तर आधी सिकलसेलबद्दल बोलते. जनुकीय अहवाल घेऊन जगणं म्हणजे काय, हे या राज्यात सर्वांत आधी गडचिरोली, मेळघाट आणि नंदुरबारच्या लोकांना कळलं आहे.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू झालं. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार संपवायचा, असं त्याचं उद्दिष्ट आहे. तपासणी झालेल्याला कार्ड मिळतं. मी या अभियानाच्या पूर्णपणे बाजूने आहे. बाळाचा आजार लवकर कळला तर लस, औषध, वेळेवर उपचार यांनी त्याचं आयुष्य वाढतं, हे मी रोज बघते. पण कार्ड हातात पडल्यावर गावात काय होतं, तेही बघते.

विदर्भात लोक ‘एएस’ आणि ‘एसएस’ असंच बोलतात. एसएस म्हणजे आजार असलेला, दोष आई-वडील दोघांकडून आलेला. एएस म्हणजे वाहक, दोष एकाकडूनच आलेला. त्याला आजार नसतो, तो शेतात राबतो, पोलीस भरतीला धावतो. दोन वाहकांचं लग्न झालं तरच त्यांच्या प्रत्येक गर्भाला आजार असण्याची शक्यता चारात एक असते. एक जण वाहक आणि दुसरा ना वाहक ना रोगी असेल, तर त्यांच्या पोटी एसएस मूल जन्मत नाही. हे अगदी साधं गणित आहे. तरीही मुलगी एएस आहे एवढं कळल्यावर जमत आलेलं लग्न मोडतं, आणि मोडणाऱ्यांनी स्वतःच्या मुलाची तपासणी केलेलीच नसते. मुलाचं कार्ड कुणी मागत नाही. मग काही घरं मुलीचं कार्ड लपवतात, काही मुलीला तपासणीलाच पाठवत नाहीत. तपासणी लपवली की दोन वाहकांची गाठ अजाणता पडते, आणि ज्या आजारासाठी एवढं अभियान उभं केलं तोच पुढच्या पिढीत जन्माला येतो.

त्यात हा आजार आपल्याकडे आदिवासींमध्ये, बौद्ध समाजात आणि काही इतर मागास समाजांत जास्त आढळतो. त्यामुळे त्याच्याकडे ‘त्यांचा आजार’ म्हणून बघितलं जातं. रक्तातल्या एका जनुकाच्या बदलावर जातीचा जुना शिक्का बसायला वेळ लागत नाही. ज्यांनी सरकारवर विश्वास ठेवून हात पुढे केला आणि रक्त दिलं, त्यांना त्या रक्तातल्या माहितीचं संरक्षण सरकारने दिलेलं नाही. ही गोष्ट मला सर्वांत जास्त टोचते.

अमेरिकेने हीच चूक केली होती, याच आजाराच्या बाबतीत. १९७२ मध्ये तिथे सिकलसेल नियंत्रणाचा कायदा झाला आणि कृष्णवर्णीय लोकांची मोठ्या प्रमाणावर तपासणी सुरू झाली. वाहक आणि रोगी यांतला फरक लोकांना कुणी नीट समजावला नाही. निरोगी वाहकांना नोकऱ्या नाकारल्या गेल्या, विम्याचे हप्ते वाढले. हवाई दलाच्या अकादमीने १९८१ पर्यंत वाहकांना प्रवेश दिला नाही. पुढे कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेतल्या कर्मचाऱ्यांनी खटला भरला: नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत घेतलेल्या रक्तावर त्यांना न सांगता परस्पर चाचण्या केल्या जात होत्या आणि कृष्णवर्णीयांची सिकलसेलसाठी तपासणी होत होती. १९९८ मध्ये अपील न्यायालयाने हा त्यांच्या खासगीपणाचा प्रश्न असल्याचं मान्य केलं. अखेर २००८ मध्ये अमेरिकेच्या संसदेने जनुकीय माहितीवरून भेदभाव करण्यास मनाई करणारा कायदा केला, आणि त्याची कारणं सांगताना सत्तरच्या दशकातल्या या सिकलसेल तपासणीचा उल्लेख केला. तपासणीपासून कायद्यापर्यंत तिथे छत्तीस वर्षं गेली. आपल्याला ती घालवण्याची गरज नाही.

आता विम्याचं.

हृदयाच्या स्नायूचा आजार असलेल्या एका गृहस्थांचा आरोग्य विम्याचा दावा कंपनीने नाकारला. कारण हे की आजार जनुकीय आहे आणि जनुकीय आजार पॉलिसीतून वगळले आहेत. फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी निकाल दिला की जनुकीय आजार असे सरसकट वगळणं संविधानाच्या समानतेच्या तत्त्वात बसत नाही. पाठोपाठ मार्चमध्ये विमा नियामक आयआरडीएआयने कंपन्यांना या कारणावरून दावे नाकारू नयेत असं कळवलं, आणि २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत, आरोग्य विम्यातून जे वगळता येणार नाही त्या यादीत जनुकीय आजार घातले. विमा कंपनी त्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली. या सूचनांचं मोल मोठं आहे, पण त्या नियामकाच्या सूचना आहेत, संसदेचा कायदा नाही. उद्या नवं परिपत्रक निघालं की बदलू शकतात. शिवाय त्या आरोग्य विम्यापुरत्या आहेत. ज्यावर घरातला कर्ता माणूस कुटुंबाचं भवितव्य टाकतो त्या आयुर्विम्याचं काय? तिथे प्रस्तावाच्या अर्जात आई-वडील, भावंडांच्या आजारांची माहिती विचारलीच जाते, आणि महत्त्वाची गोष्ट लपवली तर दावा अडचणीत येतो. स्वतःच्या हौसेने काढलेला जनुकीय अहवाल या महत्त्वाच्या गोष्टींत धरायचा की नाही, हे कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही.

हे न लिहिण्याची किंमत माझ्या टेबलासमोर बसलेली असते. आईला चाळिशीच्या आत स्तनाचा कर्करोग झालेला आहे. मुलगी तिशीतली, लग्न झालेलं, लहान मूल. बीआरसीए जनुकातला दोष आईत असेल तर मुलीत तो येण्याची शक्यता निम्मी, आणि आलाच तर आयुष्यभरात कर्करोग होण्याचा धोका खूप मोठा. तपासणीत दोष निघाला तर नियमित एमआरआय, औषधं, गरज पडल्यास शस्त्रक्रिया, असे जीव वाचवणारे मार्ग आहेत. दोष नाही निघाला तर वर्षानुवर्षांची भीती एका दिवसात उतरते. अशी मुलगी मला विचारते, आधी विमा काढून घेऊ आणि मग तपासणी करू का? तपासणीचा दिवस विम्याच्या तारखेवरून ठरावा, हे मला समुपदेशक म्हणून आणि माणूस म्हणूनही मान्य नाही. काही जणी परत येतच नाहीत.

विमा कंपन्यांचं म्हणणं मी ऐकलं आहे. ज्याला स्वतःचा धोका ठाऊक आहे तोच मोठी पॉलिसी घेईल आणि बोजा बाकीच्यांवर पडेल, असं ते म्हणतात. चिंता अगदीच निराधार नाही. पण इतर देशांनी त्यावर मार्ग काढलेले आहेत. ब्रिटनमध्ये सरकार आणि विमा कंपन्यांच्या संघटनेत ठरलेल्या संहितेनुसार भविष्यातला धोका सांगणाऱ्या जनुकीय चाचण्यांचे निकाल कंपन्या मागत नाहीत. अपवाद एकाच हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजाराचा, तोही पाच लाख पौंडांवरच्या आयुर्विम्यासाठी. कॅनडाने २०१७ मध्ये कायदाच केला: कुठल्याही करारासाठी जनुकीय चाचणीची किंवा तिच्या निकालाची अट घालणं हा गुन्हा. २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. विम्याचा धंदा दोन्ही देशांत चालू आहे.

आणि जनुक म्हणजे निदान नव्हे, हे तर विमा कंपन्यांनीही समजून घ्यायला हवं. भारतीय उपखंडात सुमारे चार टक्के लोकांत एमवायबीपीसी३ या जनुकाचा एक छोटा तुकडा गायब असतो. २००९ मध्ये संशोधकांनी त्याचा संबंध हृदयाच्या स्नायूच्या आजाराशी दाखवला तेव्हा मोठी खळबळ झाली. नंतरच्या संशोधनातून दिसलं की गोष्ट इतकी सरळ नाही. तो बदल असलेल्यांपैकी एका छोट्या गटात दुसराही एक बदल असतो आणि धोक्याचा बराच भाग त्या गटात असावा. चार टक्के म्हणजे आपल्या देशात पाच कोटींहून अधिक माणसं. २००९ च्या समजुतीवर त्यांचे हप्ते वाढवले असते, तर ती चूक पुढे कोण दुरुस्त करणार होतं? जगातला जनुकीय अभ्यास प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांवर झाला आहे. म्हणून आपल्या लोकांच्या अहवालांत ‘अर्थ निश्चित नाही’ असा शेरा असलेले बदल वारंवार दिसतात. मी अशा ओळीवर बोट ठेवून सांगते, यावर आज काहीही ठरवू नका. अर्ज छाननी करणारा कारकून किंवा त्याच्या जागी बसवलेलं सॉफ्टवेअर ते सांगणार नाही.

या सगळ्यावर दिल्लीत एक उत्तर ठरलेलं असतं: २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे ना. त्याचे नियमही नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. तो कायदा आवश्यक होता, पण या प्रश्नाला तो पुरत नाही. या कायद्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात आणि २०१९ च्या विधेयकात जनुकीय माहिती ‘संवेदनशील’ या वेगळ्या वर्गात होती. २०२३ च्या कायद्यातून तो वर्गच गेला. तुमचा जीनोम आणि तुमचा कुरिअरचा पत्ता आता एकाच मापाने मोजले जातात.

याहून मोठी अडचण त्या कायद्याच्या पायातच आहे. तो एका व्यक्तीची माहिती आणि त्या व्यक्तीची संमती एवढंच ओळखतो. जीनोम एका व्यक्तीचा नसतो. निम्मा आईकडून, निम्मा वडिलांकडून, भावंडांशी मोठा वाटा सारखा, चुलत-मावस भावंडांशीही काही. थोरल्याने नळीत लाळ दिली की धाकट्याबद्दलही बरंच उघड होतं, आणि धाकट्याला कुणी विचारलेलं नसतं. २०१८ मध्ये कॅलिफोर्निया पोलिसांनी कित्येक वर्षं फरार असलेल्या एका खुन्याला असंच शोधलं. त्याने स्वतः कधीच कुठे नमुना दिला नव्हता. त्याच्या दूरच्या नातेवाइकांनी हौसेने आपला डीएनए एका संकेतस्थळावर चढवला होता. खुनी सापडला हे उत्तमच झालं. पण तीच वाट पोलिसांखेरीज इतरांनाही उघडी आहे. आपल्याकडे तर लग्नं पिढ्यान्‌पिढ्या जातीत, पोटजातीत होत आली. लहान समाजातल्या थोड्या लोकांचे जीनोम वाचले तरी उरलेल्यांबद्दल पुष्कळ कळतं.

लाळेवरून जनुकीय तपासणी करणाऱ्या ट्वेंटीथ्रीअँडमी या अमेरिकी कंपनीचं काय झालं तेही पाहा. २०२३ मध्ये चोरांनी तिच्या सुमारे चौदा हजार ग्राहकांच्या खात्यांत शिरकाव केला. तिथल्या नातेवाईक शोधून देणाऱ्या सुविधेतून त्यांच्या हाती सुमारे ६९ लाख लोकांची माहिती लागली. मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि दीड कोटी ग्राहकांच्या जनुकीय माहितीसह ती विक्रीला निघाली. शेवटी तिच्या सहसंस्थापिकेनेच उभारलेल्या संस्थेने ती ३० कोटी ५० लाख डॉलरना घेतली. दुसऱ्या कुणी घेतली असती तर? आपल्याकडची एखादी जीनोम तपासणारी कंपनी उद्या बुडाली, तर दिवाळखोरी कायद्यात तिच्या यंत्रांबरोबर लोकांचे जीनोमही मालमत्ता म्हणून लिलावात जातील का? जनुकीय माहितीसाठी असं काही स्पष्ट लिहून ठेवलेलं मला तरी कुठल्या कायद्यात सापडत नाही.

म्हणून माझी विनंती आहे की संमतीवर भिस्त ठेवू नका, वापरावर बंदी घाला. लाळेची नळी घेताना मोबाइलवर ‘मान्य आहे’ दाबणारा माणूस आपल्या भावाच्या, पोटच्या पोराच्या वतीने काय काय मान्य करतो आहे हे त्याला ठाऊक नसतं. आणि नोकरी हवी असलेला माणूस तर मागतील त्यावर सही करतो. विमा, नोकरी, कर्ज, शाळा-कॉलेजचा प्रवेश यांसाठी जनुकीय अहवाल मागणं, मिळवणं आणि वापरणं बेकायदा ठरवा, अर्जदाराची सही असली तरीही. कुटुंबाच्या आजारांची विचारपूस करून मागच्या दाराने तेच साधणंही त्यात धरा. सिकलसेल कार्डवरची माहिती उपचार आणि समुपदेशनाबाहेर मागणाऱ्याला शिक्षा असू द्या. कंपनी विकली गेली, बुडाली तर ग्राहकाची माहिती आणि ठेवलेला नमुना नष्ट करण्याचा त्याचा हक्क सर्व धनकोंच्या आधी यावा. प्रौढपणीच उद्भवणाऱ्या आणि लहानपणी काहीच इलाज नसलेल्या आजारांसाठी मुलांची तपासणी होऊ नये. अठरा वर्षांचं झाल्यावर जाणून घ्यायचं की नाही हे त्या मुलाने ठरवावं. आणि समुपदेशनाशिवाय असा अहवाल थेट मोबाइलवर धाडण्याला आळा घाला. मी हे माझ्या पेशाच्या सोयीसाठी म्हणत नाही. आमची संख्या देशात इतकी कमी आहे की आधी जिल्हा रुग्णालयांत पदं निर्माण करावी लागतील.

संशोधनाच्या आड यावं अशी माझी इच्छा नाही. उलट माहितीचा गैरवापर होणार नाही अशी खात्री असेल तरच लोक संशोधनाला रक्त देतील.

हा विषय महाराष्ट्राच्या खासदारांपुढे ठेवण्याला कारण आहे. गर्भजलपरीक्षा करून मुलींचे गर्भ पाडले जात होते तेव्हा मुंबईतल्या स्त्री कार्यकर्त्या आणि डॉक्टरांनी ऐंशीच्या दशकात आंदोलन उभारलं, आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. त्या वेळीही प्रयोगशाळा म्हणत होत्या की ही तर आईबापांच्या संमतीने होणारी तपासणी आहे. विधिमंडळाने ते ऐकून घेतलं आणि तरीही कायदा केला. आज आईच्या रक्ताच्या एका नळीतून गर्भाचा डीएनए वाचता येतो. त्या कायद्यामुळे लिंग सांगायला बंदी आहे. बाकी जे वाचता येतं त्याबद्दलही विचार करण्याची वेळ आली आहे.

संसदेत खासगी विधेयकांसाठी शुक्रवारची दुपार राखून ठेवलेली असते. तुमच्यापैकी एकाने जरी जनुकीय भेदभावाविरुद्धचं विधेयक मांडलं, तरी चर्चा सुरू होईल. मसुद्यासाठी विदर्भातले सिकलसेल कार्यकर्ते, डॉक्टर, वकील आणि आम्ही समुपदेशक बसायला तयार आहोत. तोपर्यंत येत्या अधिवेशनात निदान तीन प्रश्न लेखी विचारा. अर्थमंत्र्यांना: आयुर्विम्यासाठी जनुकीय चाचणीचा निकाल मागता येतो का, आणि तो न सांगितल्यास दावा नाकारता येतो का? आरोग्यमंत्र्यांना: सिकलसेल अभियानात तपासलेल्या माणसांची नावानिशी माहिती कुठे साठवली आहे, ती कोण पाहू शकतं आणि किती वर्षं ठेवली जाणार आहे? इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना: २०१९ च्या विधेयकात जनुकीय माहितीला दिलेलं वेगळं संरक्षण २०२३ मध्ये का काढलं, आणि ते परत कधी आणणार?

आपली विश्वासू,
एक जनुकीय समुपदेशक, नागपूर